मेक्सिको सिटीत कुठे जेवाल: फोंदा की ताकेरिया?

फोंदा (गोव्यातलं फोंडा नव्हे) म्हणजे थेट आपली खानावळ. बहुतेक घरच्याच माणसांनी चालवलेली, फळ्यावर खडूनं लिहिलेला आजचा बेत आणि ठरल्या दरातलं जेवण, त्याचं नाव 'कोमिदा कोरिदा'. थाळीसारखं सगळं एकदम समोर येत नाही. आधी सूप, मग भात किंवा शेवया (यालाही ते 'कोरडं सूप' म्हणतात, का ते विचारू नका), मग 'गिसादो', म्हणजे रश्श्यात शिजवलेला मुख्य पदार्थ. सोबत मक्याच्या गरम तोर्तिया (पातळ भाकऱ्या) आणि लाल अंबाडीच्या बोंडांचं किंवा तांदूळ-दालचिनीचं सरबत. उठताना शेजारच्या अनोळखी माणसालाही 'प्रोवेचो', म्हणजे 'सावकाश जेवा', म्हणायची रीत आहे.

अडचण वेळेची. तिथलं मुख्य जेवण दुपारी दोन-तीनला होतं. संध्याकाळी गेलात तर फोंदा बहुधा बंद.

ताकेरिया, म्हणजे ताकोचं दुकान, नेमकी तेव्हाच रंगात येते. दारातच उभ्या सळीवर मसाला लावलेलं डुकराचं मांस फिरत असतं, वर अननस. हा 'अल पास्तोर'. लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्माचं हे मेक्सिकन रूप. हातभर सुरीनं काप थेट तोर्तियावर पडतात, वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू, की झाला ताको. ताको छोटे असतात, त्यामुळे तीन-चार सहज जातात. साल्साच्या (तिथल्या चटणीच्या) रंगावरून तिखटाचा अंदाज बांधू नका; आधी थेंबभर चाखा. थाटमाटावरही जाऊ नका: 'एल कालिफा दे लेऑन' या टीचभर ताकेरियाला 2024 मध्ये मिशेलिन या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला.

मांसाहारी असाल तर दुपारी फोंदा, रात्री ताकेरिया, प्रश्न मिटला. एकच जेवण हाती असेल तर मी फोंदाच धरीन, कारण ताको जगभर मिळतो, कुणाच्या घरचा गिसादो नाही.

शाकाहाऱ्यांनी मात्र जपून. फोंदातला निरागस दिसणारा भात कोंबडीच्या पाण्यात शिजलेला असू शकतो, घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर चिकन येण्याची शक्यता असते. चिकन, मासे, चरबी यांची नावं घेऊन नाही म्हणा. ताकेरियात सुरी आणि तवा दोन्ही मांसाचेच, तिथे हट्ट नको. त्यापेक्षा रस्त्याकडेला तव्यावर केसादिया (सारण भरून दुमडलेल्या तोर्तिया) भाजणाऱ्या बाया शोधा. भोपळ्याची फुलं, निवडुंगाची कोवळी पानं, मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी ('वित्लाकोचे', नावाला घाबरू नका, चव मशरूमसारखी) असं सारण मिळतं. तोर्तियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून दळलेला असेल तर वासावरूनच कळतं. आणि चीज हवं असेल तर तसं सांगा: केसादियाच्या नावातच चीज असलं, तरी या शहरात ते मागितल्याशिवाय पडेलच असं नाही.