फरशीवर ऑइलचा डाग नसलेलं वर्कशॉप

पोराच्या मेकॅनिक कोर्सपायी माझे 48,500 रुपये बुडाले. 5,000 प्रवेशाचे, 8,500 टूलकिटचे, 15,000 फीचे आणि 20,000 'प्लेसमेंट डिपॉझिट'चे. कापसाच्या बियाण्या-खतासाठी ठेवलेले पैसे होते ते. पारोळ्याकडचा कोरडवाहू शेतकरी मी, पुन्हा कुठून उभे करू?

जळगावातली मोटार मेकॅनिक शिकवणारी संस्था. सहा महिन्यांत आयटीआयच्या तोडीचं सर्टिफिकेट, मग चाकणला 18,000 पगार. आयटीआयचा हा ट्रेड दोन वर्षांचा असतो हे मला ठाऊक होतं. पण पोराचा सरकारी आयटीआयला नंबर लागला नव्हता. दहावी झालेला पोरगा घरात बसून असला की बापाचं काय होतं, ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं.

वर्कशॉप दाखवलं तेव्हाच ओळखायला हवं होतं. स्टँडवर रंग दिलेलं एक इंजिन, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. फरशीवर ऑइलचा डाग नाही, डिझेलचा वास नाही, एकाही पोराचे हात काळे नाहीत. आमच्या गावच्या ट्रॅक्टर मिस्त्रीच्या नखातलं ग्रीस दिवाळीलाही निघत नाही. आणि मी मनात म्हणालो, किती स्वच्छ ठेवलंय! ते आठवलं की अजून झोप उडते.

दोन महिने नुसत्या वहीत आकृत्या. एकदाही इंजिनचं हेड खोललं नाही. बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाड्यांचा बिघाड शोधणारा स्कॅनर कपाटात बंद. तिसऱ्या महिन्यात शटरला कुलूप.

पोलीस म्हणाले, "तुम्ही स्वतःहून पैसे दिले ना? दिवाणी बाब आहे." चार खेपा मारल्या. कधी साहेब बंदोबस्ताला, कधी रजेवर. पावतीवरची 'फी परत मिळणार नाही' ही बारीक ओळ मलाच वाचून दाखवली. दुसऱ्या सरकारी कार्यालयात म्हणे, ही संस्था आमच्या यादीतच नाही. अहो, मग भर रस्त्यावर एवढा बोर्ड लावून ती चालली कशी? साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं 318 कलम लागतं, हे मला वकिलाने सांगितलं, पोलिसांनी नाही.

नोकरीसाठी डिपॉझिट मागितलं की तिथून उठा. खासगी नंबरवर फोनपे करू नका. माझे 20,000 तसेच गेले. एनसीव्हीटीचं, म्हणजे आयटीआयच्या सर्टिफिकेटवर असणाऱ्या केंद्रीय परिषदेचं नाव सांगितलं तर जवळच्या सरकारी आयटीआयत जाऊन संस्था आणि ट्रेड दोन्हींची खात्री करा. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही. मी तक्रार टाकली आहे.

चोपडा, एरंडोलची पोरंही तिथे होती. त्यांच्या आईबापांनी पावत्या फाडू नयेत, एकत्र या.