पायथॉनचं एस्क्यूलाइट-थ्री मॉड्यूल: अडतीच्या हिशोबावर दोन सीझन वापरून

लातूरच्या मार्केट यार्डात एका अडतीचा हिशोब माझ्याकडं आहे, सोयाबीनची आवक, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई अन शेवटी शेतकऱ्याच्या हातात द्यायची पट्टी, हे सगळं दोन सीझन झाले पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या या मॉड्यूलवर (एका फाइलमधी डेटाबेस ठेवायची तयार सोय) चालवायलोय. वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही, 2.5 व्हर्जनपासून पायथॉनसोबतच येतंय, अन सगळा डेटा एका फाइलमधी, संध्याकाळी प्रोग्राम बंद करून फाइल पेनड्राइव्हवर घेतली की झाला बॅकअप.

पण क्वेरी (डेटाबेसला डेटा मागायची आज्ञा) मारल्यावर जे हातात येतं ना, तिथं जपून राहा. प्रत्येक ओळ टपल (क्रमानं ठेवलेल्या व्हॅल्यूंची यादी, नावं नाहीत) म्हणून येते, म्हणजे हमाली पाहिजे तर चार नंबर, तोलाई पाहिजे तर पाच नंबर. मी एकदा क्वेरीत मधीच गाडी नंबरचा कॉलम घातला अन पुढचे सगळे नंबर एकानं सरकले, तोलाईच्या जागी हमाली कापली गेली. एरर काहीच नाही, दोन्ही आकडेच! एका शेतकरी काकांनी पट्टी बघून विचारलं तेव्हा कळलं, लै वाईट वाटलं राव, त्यांच्या घामाचे पैसे आहेत ते. त्याच दिवशी सगळ्या पट्ट्या परत काढल्या. तेव्हापासून डेटाबेसचं कनेक्शन उघडलं की पहिली ओळ रो फॅक्टरीला (ओळ कशा रूपात मिळावी ते ठरवणारी सेटिंग, row_factory) एस्क्यूलाइटचा रो (sqlite3.Row) लावायची, मग कॉलम नावानं मागता येतो, क्वेरीत काही बी मागंपुढं करा, हमाली म्हणलं की हमालीच येते. माझ्या मते हे डिफॉल्टच असायला पाहिजे होतं.

कर्सरवरून (क्वेरीच्या ओळी एकेक करून देणारी वस्तू) एकदाच फिरता येतं हे पण लक्षात ठेवा, मी आधी टोटलसाठी लूप फिरवला अन मग छपाईसाठी, तर कागद कोराच आला. एका दिवसाची आवक असली तर फेचऑल करून (सगळ्या ओळी एकदम मागवून) लिस्टमधी घ्या, पूर्ण सीझनचा डेटा असला तर सरळ कर्सरवरच लूप लावा, जुन्या लॅपटॉपची मेमरी भरत नाही. अन बाजार बंद असला त्या दिवशीची बेरीज मागितली तर शून्य नाही, नन (None, म्हणजे काहीच नाही) येतं, पुढं त्यात काही मिळवायला गेलं की प्रोग्राम आडवा, म्हणून क्वेरीतच कोअलेस (रिकामं असलं तर दुसरी व्हॅल्यू देणारं फंक्शन) लावून शून्य करून घेतो.

गावानुसार शोधताना क्वेरीत गावाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून व्हॅल्यू वेगळी द्यायची, ते बरोबरच आहे, पण एकच व्हॅल्यू असली तरी टपलमधी तिच्यामागं स्वल्पविराम पाहिजे. नाहीतर 'लातूर' दिलं की म्हणतंय एक पाहिजे होती तुम्ही पाच दिल्या, कारण काना अन उकार वेगवेगळे मोजतंय ते! अर्धा दिवस गेला त्यात.

तारीख टेक्स्ट म्हणूनच ठेवा, वर्ष-महिना-दिवस असं लिहिलं की सॉर्टिंग बरोबर होतं, तारखेचं टेक्स्ट आपोआप बदलून द्यायची जुनी सोय पायथॉन 3.12 पासून डेप्रिकेटेड (वापरू नका म्हणून सांगितलेली) आहे.

एका मशीनवरच्या अडतीला, कृषी केंद्राला हेच घ्या म्हणेन. चार काउंटरवरून एकाच टायमाला एंट्री होत असल्या तर मात्र पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा मोठा डेटाबेस) बघा, इथं लिहिणारा एका वेळी एकच चालतो.