आठ महिने रोज सायकल: मालेगाव स्टँड ते त्र्यंबक नाका

डिसेंबरात गाडी विकली तेव्हापासून रोज सायकलच. घर नाशकात पंचवटीत, मालेगाव स्टँडजवळ, काम त्र्यंबक नाक्याला, म्हणजे गंगा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही (बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो).

पहिले तीन महिने सरळ रस्ता, होळकर पूल, रविवार कारंजा, अशोक स्तंभ आणि पुढे स्मार्ट रोड. 1.1 किमीचा पट्टा, सायकल ट्रॅक वेगळा काढलेला, म्हटलं मज्जा आहे. पण दहा वाजले की ट्रॅकवर अ‍ॅक्टिव्हा लागतात, मग कडेचा दगड उतरा, मागून बस हॉर्न मारतेय, दोन गाड्या सोडल्या की परत चढा, याच्यात एकदा पुढची रिम वाकली, 450 रुपये गेले. आता तिकडून जायची वेळ आली तरी डांबरावरूनच चालवतो.

मार्चपासून रस्ता बदलला. रामकुंड, गाडगे महाराज पूल, नेहरू चौक, दहीपूल, मेन रोड. मित्र म्हणाले वेडा का रे, जुन्या नाशकात सायकल? अरे पण गल्ल्या एवढ्या बारीक की चारचाकी घुसली तर तीच अडकते, आपण बाजूने सुटतो. चढाला दम लागतो, ते सोडा. घाटावर सकाळी सातला फरशी ओली असते, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला लांबूनच हात जोडायचा. वैताग एकच, पायऱ्या. मी जातो तिथं अकरा आहेत, रॅम्प नाही, सायकल खांद्यावर. फुलं विकणाऱ्या एक आजी रोज बघतात, एकदा म्हणाल्या, "बाबा, सायकल तुला नेते का तू सायकलला?" पायऱ्यांच्या कडेला चाक सरकवायला एक लोखंडी पन्हळ टाकली तरी काम होतं, 2027 च्या सिंहस्थासाठी एवढं खोदताय तर तेवढं पण करा ना.

पावसाळ्यात हा रस्ता विसरा. जुलैत गंगापूर धरणातून पाणी सोडलं, मारुतीच्या कमरेला लागलं, चार दिवस घाट बंद आणि पाणी उतरल्यावर असला गाळ की चालताना पण पाय सरकतो. तेवढे दिवस परत होळकर पूल.

बाकी बुधवारी जाऊ नका, घाटावर आठवडे बाजार असतो, हातात धरून पण सायकल निघत नाही. आणि मडगार्ड आधीच लावून घ्या. मी नाही लावले, पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर गाळाची रेघ अजून गेलेली नाही.