चेहऱ्यांमधला वावर: शाहू स्मारकातलं एक तैलचित्र

कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात विक्रीला लावलेलं हे तीन बाय चार फुटी तैलचित्र आधी चेहऱ्यांनी धरून ठेवतं. सात चेहरे, सगळे कोल्हापूरच्या वास्तववादी व्यक्तिचित्रणाच्या शिस्तीतले: डोळ्याच्या खोबणीतली सावली, नाकाच्या शेंड्यावरचा थंड उजेड, सगळं नेमकं. त्यांच्या मधल्या जागेत मात्र कुणीतरी आहे, आणि ते रेखाटलेलं नाही, रंगाच्या पोतातून उमटलंय. ओल्या रंगावर काच दाबून उचलली की शिरांसारखा पोत उठतो. स्पॅनिश चित्रकार ऑस्कर दोमिंगेझने १९३६ च्या सुमारास अतिवास्तववाद्यांत, म्हणजे स्वप्नासारखी दृश्यं रंगवणाऱ्या सर्रिअलिस्ट चित्रकारांत, रुजवलेली ही डिकॅल्कोमेनियाची रीत. त्यावर अल्ट्रामरीन निळ्याचे आणि बर्न्ट अंबर तपकिरीचे पारदर्शक थर. कडा कुठेच बंद केलेल्या नाहीत, म्हणून आकार दिसता दिसता विरतो. फार धीराचं काम आहे हे! प्रत्येक थर सुकल्याशिवाय पुढचा देता येत नाही.

डावीकडच्या वृद्धेच्या डोळ्यांत टिटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग कच्चाच, न मिसळलेला राहिलाय. तिथे गूढता तुटते. उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक भेगाही आहेत. खाली तेलकट आणि वर टर्पेंटाइनने पातळ केलेला थर दिला की वरचा आधी सुकतो, खालचा हलत राहतो आणि वरचा फाटतो.

घ्यायचंच असेल तर चित्र कधी पूर्ण झालं ते विचारा. जाड रंगावर शेवटचं वॉर्निश सहा ते बारा महिन्यांनीच द्यावं. इथल्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका; चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून अर्धा इंच हवा खेळती ठेवा, नाहीतर कॅनव्हासला मागून बुरशी लागते.