जिप्सीला बारीक आट्याचे बोल्ट: एक पावसाळा काढल्यानंतर

गाडी मारुती जिप्सी, बॉडी चेसिसवरून उतरवून पुन्हा बांधलेली. मुक्काम रत्नागिरी, म्हणजे बारा महिने खारं वारं. बोल्ट बसून नऊ महिने झाले आणि जूनपासूनचा सगळा पाऊस त्यांच्यावरून गेला, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

आधी मिळण्याबद्दल. हार्डवेअरच्या दुकानात 'दहाचा बोल्ट' मागितला की समोर येतो तो १०×१.५, जाड आट्याचा (पहिला आकडा व्यास, दुसरा पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये). सुझुकीच्या गाडीत दहाचा म्हणजे बहुतेक ठिकाणी १०×१.२५ आणि बाराचा १२×१.२५. आठचा मात्र दोन्हीकडे ८×१.२५, तिथे डोकेदुखी नाही. चुकीच्या पिचचा बोल्ट पहिले दोन-तीन आटे हाताने सहज जातो, मग जड होतो. गंज असेल म्हणून पाना लावून रेटला की चेसिसच्या पोटात वेल्ड केलेल्या नटाचे आटे गेलेच, आणि तो नट बदलायचा तर पत्रा कापण्यावाचून गत्यंतर नाही. पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) नसेल तर पट्टी लावून दहा आट्यांचं अंतर मोजा: १२.५ मिलिमीटर भरलं तर १.२५, १५ भरलं तर १.५. त्याहून सोपं म्हणजे जुना आणि नवा बोल्ट आट्यात आटे घालून उजेडापुढे धरायचे. मध्ये फट दिसली की नवा परत.

काउंटरवर अजून सूत (इंचाचा आठवा भाग) चालतं, त्याचीही सवय ठेवा. अडीच सुती म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिलिमीटर. आठच्या डब्यात तो बेमालूम मिसळलेला असतो. नटात शिरतो आणि मध्येच अडकतो. सीटबेल्टच्या अँकरचा बोल्ट तर बहुतेक गाड्यांत मेट्रिक नसतोच. तो ७/१६ इंच, इंचाला २० आटे. कॅलिपरवर ११ च्या आसपास दिसतो म्हणून लोक अकराचा बोल्ट शोधत फिरतात. तिथे मूळ पार्टच घ्यावा.

डोक्याचं मापही बघून घ्या. जपानी धाटणीच्या दहाच्या बोल्टला १४ चा पाना लागतो, बाजारातल्या साध्या दहाच्या बोल्टला १७ चा. उघड्यावर फरक पडत नाही, पण ब्रॅकेटच्या कोनाड्यात १७ ची गोटी (सॉकेट) शिरतच नाही.

१०×१.२५ रत्नागिरी-चिपळुणात सुटे मिळाले ते मोटारसायकलच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे, कारण जपानी बाइकमध्ये हेच आटे असतात. लांबी मात्र मिळेल ती. हव्या त्या लांबीत आणि ८.८ ग्रेडमध्ये (ही बोल्टच्या ताकदीची खूण) हवे असतील तर कोल्हापूरचं उद्यमनगर किंवा मुंबईतली नागदेवी, हार्डवेअरची गल्ली. तिथे डब्याने घ्यावे लागतात, म्हणून आधी गाडीखाली झोपून यादी करा: व्यास, पिच, डोक्याखालची लांबी, आट्यांची लांबी. डोक्यावर ८.८ आणि बनवणाऱ्याची खूण नसेल तर तो बोल्ट फार तर नंबरप्लेटला.

आता टिकण्याबद्दल. पांढरं झिंक (जस्ताचा मुलामा) दिसायला छान, पण चाकामागच्या पाणी उडणाऱ्या जागी गणपतीपर्यंत त्यावर पांढरी भुकटी आली आणि दिवाळीत डोक्याच्या कडा लाल. पिवळं झिंक बरं निघालं. त्याच जागी रंग उडाला, गंज फक्त पाना लागलेल्या कोपऱ्यांवर. सगळ्यात चांगले निघाले ते राखाडी झिंक-फ्लेकचे, म्हणजे जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा लेप दिलेले. काळे बोल्ट इथे घेऊच नका, तेल वाळलं की संपले. हॉट-डिप गॅल्व्हनाइझ (वितळलेल्या जस्तात बुडवलेले), म्हणजे विजेच्या खांबावर दिसतात ते, गंजाला भारी. पण त्यांचा थर इतका जाड की नटही मोठे आटे पाडलेले लागतात. गाडीच्या आट्यात ते जात नाहीत.

स्टेनलेसचा मोह सगळ्यांना होतो. बंपर, बिजागरं, मडगार्डला बिनधास्त लावा. ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसवर चहाच्या डागासारखे डाग पडतात, ते पुसले जातात. सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंगला नाही: ए२-७० या नेहमीच्या स्टेनलेस ग्रेडची यील्ड (जिथे बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो तो ताण) ४५० मेगापास्कल, ८.८ ची ६४०. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर अर्ध्यातच जाम होतो, मग ग्राइंडरच. आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि नट हाताने सावकाश फिरवा. अ‍ॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस बोल्ट बसवलात तर खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. पांढरी पूड दिसली तर लगेच खोला.

बसवण्याआधी प्रत्येक भोकातून १०×१.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवला होता: अर्धा फेरा पुढे, पाव मागे, मधून मधून डिझेल. आटे स्वच्छ असले की टॉर्क (आवळण्याचा जोर) खरा लागतो. ८.८ चा दहाचा बारीक आटा कोरडा असेल तर साधारण ५० न्यूटन-मीटर; ग्रीस लावलं तर पाचवा हिस्सा कमी, नाहीतर बोल्ट ताणला जातो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा.

या महिन्यात चाचणीसाठी चेसिसखालचे सहा बोल्ट सोडले. पाचही झिंक-फ्लेकचे पहिल्या झटक्याला सुटले. सहावा पांढऱ्या झिंकचा, त्याला दोन दिवस पेनिट्रेटिंग ऑइलमध्ये ठेवावं लागलं.