'पार्सल तुमच्याकडेच दिसतंय'

भाचीच्या लग्नासाठी 6,840 रुपयांची साडी ऑनलाइन मागवली. फोटोत जांभळी होती, हातात आली ती वांगी रंगाची, वर काठाची जर दोन ठिकाणी उसवलेली. त्याच दिवशी रिटर्न टाकला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पिकअपवाला आला. साडी उलगडून पाहिली, लेबल तपासलं, पाकिटात भरली आणि जाड मार्करने वर ऑर्डरचे शेवटचे चार आकडे लिहिले. मग मोबाइलवर दोन-तीनदा बोट आपटून म्हणाला, "ताई, सर्व्हर डाऊन आहे. हबला गेलो की स्कॅन मारतो, तुम्हाला मेसेज येईल." आत कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. मी म्हटलं, बरं. त्याला प्यायला पाणी दिलं, पण त्याच्याकडून पोच काही घेतली नाही. ही माझी चूक, आणि ती मला 41 दिवस पुरली.

रात्री मेसेज आला: 'पिकअप होऊ शकला नाही. ग्राहक घरी नव्हते.'

कस्टमर केअरची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सिस्टीममध्ये पार्सल तुमच्याकडेच दिसतंय." विक्रेता म्हणाला, माल गोदामात आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. कुरियरच्या ऑफिसात जाऊन आले, तर तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "तुम्ही आमचे ग्राहकच नाही. आमची ग्राहक ती शॉपिंग साइटची कंपनी."

उत्तर उर्मट होतं, पण माझ्या कामाचं तेच निघालं. कुरियरवाला जर साइटच्या कंपनीसाठी काम करत असेल, तर तो माझ्या दारात त्या कंपनीच्या वतीनेच आला होता ना? त्याला बोलावलं कंपनीने, त्याचे पैसे देणार कंपनी. आपला 1872 चा करार कायदा सांगतो की एजंटाने त्याला दिलेल्या अधिकारात केलेलं काम मालकाला बांधून घेतं. म्हणजे साडी त्याच्या हातात गेली तेव्हाच ती कंपनीला मिळाली. पुढे ती टेम्पोतून पडली की कुणी घरी नेली, हा त्यांच्या आपसातला हिशोब. मात्र तुमच्या पिनकोडला पिकअप नसेल आणि तुम्हीच कुरियर करून माल परत पाठवत असाल, तर गोष्ट वेगळी. तिथे माल पोचेपर्यंतची जोखीम ग्राहकाची, असं कंपनीच्या अटींत बहुधा लिहिलेलं असतं. अशा वेळी पार्सलचा विमा उतरवा आणि पावती जपून ठेवा.

माझा प्रश्न पुराव्याचा होता. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि मी अठरा दिवस फोनवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकण्यात घालवले होते. शेवटी कामी आलं ते वॉचमनकाकांचं कोपरे दुमडलेलं रजिस्टर. आत 1.50, बाहेर 2.05, फ्लॅट नंबर, आणि शेवटच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात: 'येताना बॅग रिकामी, जाताना 1 पार्सल.' काकांना अशा नोंदी करायची हौस आहे. आम्ही सगळे त्यावरून त्यांची थट्टा करायचो.

त्या पानाचा फोटो जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमणं, त्याचं नाव-पत्ता साइटवर देणं, 48 तासांत तक्रारीची पोच देणं आणि महिन्याभरात ती निकाली काढणं बंधनकारक आहे. (नाव साइटवर होतं, पण पार तळाला, बारीक करड्या अक्षरांत.) फोनवर बोललेलं हवेत विरतं, म्हणून सगळं लेखी ठेवा.

मधेच 'सदिच्छा म्हणून' 500 रुपयांचं कूपन आलं आणि त्याच्याच खाली बटण: 'माझी तक्रार सुटली'. शेजारच्या वहिनींनी मागे असंच एक बटण दाबलं होतं, त्यांची तक्रार तिथेच बंद झाली. मी हात लावला नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती कंपनीला हुकूम सोडू शकत नाही. पण तिथून तक्रार गेली, आणि कंपनीतून पहिल्यांदाच रजिस्टरचं पान नीट वाचलेल्या माणसाचा फोन आला. तेही जमलं नसतं तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, विक्रेता कुठलाही असो आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि मुदत दोन वर्षांची असते.

एक्केचाळिसाव्या दिवशी 6,741 रुपये जमा झाले. 99 रुपये 'पिकअप शुल्क' म्हणून कापले. म्हणजे जो पिकअप झालाच नाही म्हणत होते, त्याचेच.

लग्न केव्हाच उरकलं होतं, मी वहिनींची साडी नेसून गेले. आमच्या साडीचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. अ‍ॅपवर ती अजूनही माझ्याकडेच आहे.