लांबच्या प्रवासात गाडीचं तोंड वाचवायचं तर: निळी टेप, फ्रंट मास्क, सिरॅमिक की पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म)?

कंपनीतून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा थर असतो (1000 मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. डंपरच्या चाकाखालून उडालेल्या खडीसमोर तो टिकेल ही अपेक्षाच चुकीची. त्यात समृद्धीसारख्या रस्त्यावर वेग 80 वरून 120 वर गेला, की जागेवर पडून असलेल्या त्याच खड्याचा मार सव्वादोन पट होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून या चारही उपायांना एकच कसोटी लावली आहे: दगड आणि रंग यांच्यामध्ये किती जाडीचं आणि किती लवचीक काय येतं? चकाकीला गुण नाहीत.

सिरॅमिक कोटिंग आधी निकालात काढू. रंगावर चोळायच्या या द्रवाचा वाळलेला थर 1-2 मायक्रॉनचा, त्यामुळे टवका उडायचा तो उडतोच. चिकटलेले किडे आणि पक्ष्यांची घाण सहज धुतली जाते हा फायदा खरा आहे, पण ‘9एच कडकपणा’ दाखवून कोणी दगडापासून संरक्षणाची हमी देत असेल तर दुकान बदला. तो आकडा पेन्सिलीच्या ओरखड्याच्या चाचणीचा आहे, खडीचा नाही.

गाडीच्या तोंडावर बांधायचं लेदरेटचं (नकली चामड्याचं) झबलं, म्हणजे फ्रंट मास्क किंवा ब्रा. जाडी भरपूर, दगड छान अडवतं, तरीही घेऊ नये. वाऱ्याने ते सतत थरथरतं आणि आत शिरलेली धूळ पॉलिशपेपरसारखी रंगावर घासत राहते. पावसात भिजलं की पाणी खाली अडकून क्लिअर कोटवर धुरकट डाग पडतात. वापरायचंच असेल तर खालचा भाग आधी स्वच्छ धुऊन मेण लावायचं, बंद ताणून बसवायचे, रोज संध्याकाळी काढून दोन्ही बाजू पुसायच्या. एवढी मेहनत प्रवासात कोण करतं?

आता निळी पेंटर्स टेप, म्हणजे रंगारी कडा झाकायला लावतात ती कागदी टेप. एकाच सहलीसाठी, खिशाला न जाणवणारा हा सर्वात बरा उपाय. थ्रीएमची स्कॉचब्लू 2090 ही टेप 14 दिवसांपर्यंत स्वच्छ निघते असं कंपनी सांगते, पण एप्रिलच्या उन्हात खालून इंजिन आणि वरून सूर्य तापत असताना 4-5 दिवसांवर ठेवू नका. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळसर मास्किंग टेप स्वस्त दिसते, मात्र तिचा गोंद एका दुपारच्या उन्हात भाजून रंगावर बसतो. पारदर्शक पॅकिंग टेपचं तर नावच नको.

48 मिलिमीटर रुंदीचा, 55 मीटरचा एक रोल छोट्या गाडीला पुरतो. बॉनेटच्या पुढच्या 40 सेंटीमीटरला सेंटीमीटरभर चढ देत 11 पट्ट्या लागतात, म्हणजे 15-16 मीटर. बंपरला 25 मीटरच्या आसपास, आरशांच्या पाठीला दोनतीन मीटर. उरलेली टेप गाडीतच ठेवा, लागते. गाडी धुवा, पूर्ण वाळवा, टेपखाली मेण लावू नका, नाहीतर ती धरत नाही. पट्ट्या लावायला काचेच्या बाजूने सुरुवात करा आणि पुढे बंपरकडे या. कौलं शाकारतानाचाच नियम: वारा जिथून येतो तिकडची पट्टी वर असली पाहिजे. उलट लावलेली टेप घाट उतरायच्या आत फडफडायला लागते.

पार्किंग सेन्सर, कॅमेरा, ग्रिलमागचा रडार, फॉग लॅम्प आणि नंबरप्लेट मोकळी सोडा. हवा शिरणाऱ्या जाळ्या चुकूनही बुजवू नका, इंजिन तापेल. टेपचा कागद 0.14 मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, त्यामुळे वाळू, किडे, बारीक कच ती झेलते. सुपारीएवढा दगड आला तर नाही. कागद भिजला की सैल पडतो, म्हणून पावसाळ्यात कोकणात जाताना तिचा उपयोग नाही. काढताना गाडी सावलीत, पत्रा कोमट हवा. पट्टी स्वतःवरच उलटी दुमडून सावकाश ओढा. गोंद राहिलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या मायक्रोफायबरने पुसा. दुरुस्तीनंतर नव्याने रंगवलेल्या भागावर मात्र टेप लावूच नका, काढताना रंगाचे पोपडे सोबत येतात.

पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, हा एकमेव खरा उपाय, आणि म्हणूनच त्याच्यात फसवणूकही सर्वात जास्त. चांगली फिल्म टीपीयूची (रबरासारख्या लवचीक पॉलियुरेथेनची), 150 ते 200 मायक्रॉनची असते. दगडाचा मार ती दबून पसरवते, बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात. ‘टीपीएच’ म्हणून विकली जाते ती प्लॅस्टिसायझर (मऊ करणारं रसायन) घातलेली पीव्हीसीच. ती काही काळाने कडक होते, पिवळी पडते आणि निघताना तुकड्यातुकड्याने निघते. दुकानात कात्रण मागा: ताणून सोडल्यावर ते मूळ आकाराला आलं पाहिजे, पितळी ब्रशने ओरखडून गरम पाणी ओतलं की खुणा मिटल्या पाहिजेत. रोलच्या खोक्यावरचा क्रमांक आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक जुळवा. परदेशीच हवी असा हट्ट नको. गरवारे हाय-टेक फिल्म्स ही आपल्याकडची कंपनी टीपीयूची फिल्म बनवते.

सगळी गाडी मढवण्यात अर्थ नाही. बंपर, पूर्ण बॉनेट, हेडलॅम्प, आरशांची पाठ आणि मागच्या चाकापुढचा दाराखालचा पट्टा, एवढंच करा. 1.52 मीटर रुंदीच्या रोलमधून छोट्या गाडीच्या पुढच्या भागाला साधारण 4-5 मीटर जातं. अर्धं बॉनेट स्वस्त पडतं खरं, पण फिल्म संपते त्या रेघेवर धूळ साचते आणि पांढऱ्या गाडीवर ती रोज डोळ्यांत खुपते.

दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. फिल्म प्लॉटरवर (संगणकाच्या मापाने कापणाऱ्या यंत्रावर) कापणार की गाडीवर ब्लेडने? गाडीवर ब्लेड म्हणजे क्लिअर कोटवर कायमची रेघ येण्याचा धोका. आणि कडा आत दुमडणार का? बॉनेटची पुढची कड दुमडली नाही, तर फिल्म तिथूनच उचलते. लावताना लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे 5-6 थेंब घालून फिल्म सरकवायची. कडा चिकटवायला एक भाग आयसोप्रोपिल, तीन भाग पाणी. खाली धुळीचा एक कण राहिला तरी टेंगूळ कायमचं, म्हणून उघड्या शेडमध्ये काम करणाऱ्याकडे जाऊ नये. नव्याने रंगवलेल्या बंपरला किमान महिनाभर थांबायचं.

निघायच्या आदल्या दिवशी फिल्म लावून घेणं ही नेहमीची चूक. आत अडकलेलं पाणी सुकायला दोन ते चार आठवडे लागतात, ते बुडबुडे टाचणीने फोडायचे नसतात. पहिले 7 दिवस गाडी धुवायची नाही आणि हायवेच्या वेगाने पळवायचीही नाही. नंतर प्रेशर जेट कडेपासून फूटभर लांब आणि सरळ धरायचा. तिरका मारला तर कड उचकटते.

फिल्म असो वा नसो, किड्यांची आम्लं रंग खातात, तेव्हा मुक्कामाला पोचल्यावर ओलं फडकं पुढच्या भागावर दहा मिनिटं अंथरून ठेवा, मग अलगद पुसा. ढाब्यावरच्या पोराचा वाळूभरला फडका बॉनेटला लागू देऊ नका. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर, फिल्मवर पेट्रोल कधीच नाही. आणि हायवा डंपरमागे 120 च्या वेगाला तीन सेकंदांचं अंतर म्हणजे 100 मीटर. ते ठेवलं की निम्मी खडी तुमच्यापर्यंत पोचायच्या आत रस्त्यावर पडलेली असते.

तरीही बॉनेटवर पत्र्यापर्यंत टवका उडालाच, तर किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावर किंवा इंजिनजवळच्या पट्टीवर असतो. त्याच कोडची टच-अप बाटली आणि दोन टूथपिक गाडीत ठेवा. आधी आयसोप्रोपिलने पुसून प्रायमरचा ठिपका, तो वाळल्यावर रंगाचे दोन बारीक थर. ब्रश नको, फुगवटा येतो.